अनसूयाबाई काळे : कागदपत्रांचा शोध

मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात अनसूयाबाई काळे १९२८ साली गेल्या आणि १९३० मध्ये राजीनामा देऊन कायदेभंगात उतरल्या. त्याच वर्षी जुलैत यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद तालुक्यात जंगल सत्याग्रह आरंभिला. वऱ्हाडला समुद्र नाही; तेथे मिठाऐवजी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला गेला.

१९३७ साली अनसूयाबाई प्रांतिक विधानसभेच्या उपसभापती झाल्या. पुढे अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद व १९५२, १९५७ अशी दोनदा नागपूरची खासदारकी. त्यांच्या निधनानंतर १९५९ च्या पोटनिवडणुकीत ती जागा आली बापूजींकडेच.

बापूजींची कागदपत्रे दिल्लीत तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात जतन झाली आहेत. अभ्यासकाने तीही चाळावीत. कारण धाडलेले पत्र ते ज्याला पोचले त्याच्या घरी राहते, आणि स्त्री-नेत्यांचे हस्ताक्षर पुष्कळदा दुसऱ्याच्याच नावाच्या संग्रहात सापडते. कौन्सिलच्या कार्यवृत्तात भाषण छापलेले मिळते, राजीनाम्यापूर्वीची घालमेल मिळत नाही. ती खाजगी पत्रांतच शोधावी लागते.

यवतमाळ, वणी, पुसद येथील जुन्या राजकीय घराण्यांच्या माळ्यांवरील ट्रंका म्हणूनच रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी उघडाव्यात. पत्रासोबत पाकीटही ठेवावे. पत्रावर तारीख नसली, तर टपालाचा शिक्का ती सांगतो.