डावीकडे वळा, म्हणजे उजवीकडे जाल

५ ऑगस्ट २००१. लॉस एंजेलिसमधल्या ११० क्रमांकाच्या फ्रीवेवर एक कामगार पाट्यांच्या कमानीवर चढला. डोक्यावर हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट, केस नुकतेच बारीक कापलेले. खालून गाड्या सुसाट जात होत्या. त्याने भल्यामोठ्या हिरव्या पाटीवर ‘५’ आकड्याची ढाल आणि ‘नॉर्थ’ हा शब्द बसवला, अर्ध्या तासाच्या आत सगळं आवरलं आणि उतरून निघून गेला.

तो सरकारी कामगार नव्हताच. रिचर्ड अँक्रम हा कलावंत, शिवाय पाट्या रंगवण्याचा धंदा जाणणारा. काही वर्षांपूर्वी याच ठिकाणी पाच नंबरच्या उत्तरेकडच्या रस्त्याचा फाटा त्याच्या हातून निसटला होता, कारण आधीच्या पाटीवर त्याचा उल्लेखच नव्हता. फाटा फुटतो डावीकडे. ज्याला हे ठाऊक नाही त्याला शेवटच्या क्षणी लेन तोडत जावं लागायचं. अँक्रमने तक्रारअर्ज केला नाही. महामार्ग खात्याची नियमावली मिळवली, अक्षरांची उंची, पत्र्याची जाडी, रंगांच्या छटा जुळवल्या, आणि नवा तुकडा जुन्या पाटीवर उठून दिसू नये म्हणून त्यावर करड्या रंगाचा हलका फवाराही मारला. रोजच्या धुराची पुटं आधीच चढवून ठेवली म्हणा ना. कित्येक महिने कोणाला पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी बातमी फुटली तेव्हा खात्याने पाटी तपासली, ती नियमात बसते असं आढळलं, आणि तिथेच राहू दिली. पाटी २००९पर्यंत टिकली. मग खात्याने स्वतःची नवी लावली, तीत मात्र ‘५ नॉर्थ’ होतं.

हा किस्सा अमेरिकेत गमतीने सांगितला जातो. पण त्यात एक जुनं दुखणं आहे. महामार्गांचे गुंते बांधणारे आणि त्यात पहिल्यांदा शिरणारे यांची नजर एक नसते. बांधणाऱ्यापुढे वरून काढलेला आराखडा असतो. त्यात सगळं स्वच्छ दिसतं. चालवणाऱ्यापुढे असतो काचेतून दिसणारा डांबराचा पट्टा, पुढच्या ट्रकची पाठ आणि दोन-तीन सेकंद. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर कापते. ‘हे कुठं जातं रे?’ एवढं पुटपुटेपर्यंत फाटा मागे पडलेला असतो.

मुळात हे गुंते आले ते भलं करायला. दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे थांबावं लागू नये, म्हणून मेरीलँडचे अभियंता आर्थर हेल यांनी १९१६मध्ये एका रचनेचं पेटंट घेतलं. वरून पाहिलं तर चार पानांचं गवत, म्हणून नाव पडलं क्लोव्हरलीफ. अमेरिकेतला असा पहिला चौक न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला १९२९मध्ये उभा राहिला. युक्ती अशी, की डावीकडे जायचं असेल तर आधी पूल ओलांडायचा आणि मग उजव्या हाताच्या गोल पाकळीत शिरायचं. पाऊण वर्तुळ फिरलं की गाडीचं तोंड आपोआप डाव्या दिशेला. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून हे सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं: उजवीकडे जायचंय, तर डावीकडे वळा. सिग्नल गेला, थांबणं गेलं, समोरासमोरची धडकही बरीचशी टळली. पण माणसाला हजारो वर्षांची सवय अशी की जिकडे जायचं तिकडे तोंड करायचं. बैलगाडीपासून चालत आलेली ही सवय पाकळीने मोडली. तेव्हापासून रस्ता स्वतः काही सांगेनासा झाला, ते काम पाटीवर येऊन पडलं.

पूर्वी पाटीला एवढं ओझं नव्हतं. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेले मैलाचे दगड अजून इथे-तिथे सापडतात, काही अलीकडे जमिनीतून वर काढून नीट केलेत. त्यांवर फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर रोमन आकड्यांत कोरलेलं. बस्स, तेवढंच. रस्ता कुठे जातो हे टांगेवाल्याला ठाऊक असे, आणि नसलं तर टांगा थांबवून विचारता येई.

पाटी लिहिणं हे शास्त्र आहे हे ब्रिटनला कळलं ते मोटरवे बांधायला घेतल्यावर. तोवर तिथल्या पाट्या म्हणजे गावागावाची मर्जी. १९६१मध्ये ‘टायपोग्राफिका’ या मासिकाचे संपादक हर्बर्ट स्पेन्सर लंडनच्या मध्यापासून विमानतळापर्यंत गाडीने गेले, वाटेतल्या पाट्यांचे फोटो काढले आणि छापून टाकले. नुसते फोटोच पुरेसे होते. मोटरवेसाठी मात्र आधीच, १९५७मध्ये, सर कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अँडरसन जहाज कंपनीचे. त्यांच्या कंपनीसाठी सामानाची लेबलं नीट करून दिलेली जॉक किनीर या डिझायनरने, म्हणून पाट्यांचं कामही त्याच्याकडे आलं. सोबतीला त्याची तरुण विद्यार्थिनी मार्गारेट कॅल्व्हर्ट.

किनीरने काम उलट्या टोकाने सुरू केलं. जुनी रीत अशी: पाटीचा पत्रा ठरलेला, त्यात अक्षरं कोंबायची. नाव लांबलं की अक्षर चेपायचं. किनीरने आधी विचारलं, किती वेगाने येणाऱ्या माणसाला हे किती अंतरावरून वाचता आलं पाहिजे? त्यावरून अक्षराची उंची, अक्षरावरून मोकळी जागा, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याचा आकार. पाट्या त्यामुळे अवाढव्य झाल्या. चौकाचं चित्रही त्याने चालकाच्या बाजूने काढलं: खालून वर येणारी जाड रेघ म्हणजे तुमचा रस्ता, तिला फुटणारी बारीक फांदी म्हणजे बाहेरचा फाटा. आराखड्यातली सगळी वळणं त्याने त्यात घातली नाहीत. पुढचा निर्णय कुठला, एवढंच दाखवलं. ५ डिसेंबर १९५८ला पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी प्रेस्टन बायपासचं उद्घाटन केलं तेव्हा या निळ्या पाट्या पहिल्यांदा रस्त्यावर दिसल्या. जेमतेम तेरा किलोमीटरचा रस्ता, पण देशाचा पहिला मोटरवे.

लगेच वाद पेटला. डेव्हिड किंडर्स्ले हे दगडावर अक्षरं कोरणारे कारागीर. त्यांचं म्हणणं, मोठ्या लिपीतली, टोकांना पाय असलेली अक्षरं लांबून जास्त स्पष्ट दिसतात, शिवाय पाटी लहानही होते. भांडण मिटवायला रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ऑक्सफर्डशायरमधल्या बेन्सनच्या धावपट्टीवर माणसं खुर्च्यांवर बसवली आणि टपावर पाटी बांधलेली गाडी त्यांच्या दिशेने सोडली. ज्याला जेव्हा वाचता येईल त्याने तेव्हा सांगायचं. किंडर्स्ले यांची अक्षरं किंचित सरस ठरली, पण फरक इतका थोडा की निर्णय दिसण्यावर गेला आणि किनीर-कॅल्व्हर्ट यांची अक्षरं राहिली. कोण जिंकलं यापेक्षा इथे ती खुर्चीत बसलेली माणसं महत्त्वाची वाटतात. पाटी खरी की खोटी हे तिला पहिल्यांदा पाहणाऱ्याकडून ठरवून घेतलं होतं. पुढे सर वॉल्टर वॉरबॉइस यांच्या समितीने हीच पद्धत सगळ्या रस्त्यांना लावली आणि १ जानेवारी १९६५पासून ती लागू झाली.

याची कसोटी लागली बर्मिंगहॅमला. २४ मे १९७२ला खुला झालेला ग्रेव्हली हिल चौक म्हणजे पाच मजल्यांवरून, ५५९ खांबांवर उभे असलेले रस्ते. खाली लोहमार्ग, कालवे, नद्या. तो बांधण्यापूर्वीच, १९६५मध्ये, स्थानिक वर्तमानपत्राने त्याला शेवयांच्या ताटाची उपमा दिली होती आणि ‘स्पॅगेटी जंक्शन’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. गंमत अशी की हा गुंता दिसतो तो विमानातून काढलेल्या फोटोत. एम-६वरून सरळ जाणाऱ्याला त्यातलं फारसं काही दिसत नाही, त्याने पाटीवरची जाड रेघ धरली की झालं.

आता पुण्याच्या चांदणी चौकात या. मुंबई–बेंगळुरू महामार्ग, कोथरूडकडून येणारा पौड रस्ता, मुळशी, बावधन, एनडीए, वारजे, सगळं इथे येऊन मिळतं. मधला जुना पूल अपुरा पडू लागला, म्हणून १ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्रीनंतर तो स्फोटकांनी पाडला. पाडला म्हणजे काय, धुरळा बसल्यावर पुलाचा बराचसा सांगाडा तसाच उभा होता; उरलेलं काम पोकलेननी केलं. नवे पूल आणि रॅम्प यांचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ला झालं. कोंडी बरीच सुटली, हे मान्यच केलं पाहिजे. पण अनोळखी माणूस कुठल्या रॅम्पला लागायचं या पेचात पडू लागला, आणि रस्त्याची चर्चा कोंडीवरून पाट्यांवर आली.

मोबाइलचा नकाशा इथे मदतीला येतो, पण अर्धाच. उपग्रहाला गाडी नकाशावर कुठे आहे ते बरं कळतं, उंची तितकीशी कळत नाही. एकावर एक रस्ते असले की बाई ‘डावीकडे वळा’ म्हणते, ते पुलावरचं डावं की पुलाखालचं हे आपणच ठरवायचं. त्यात रस्त्याचं नावही एक नाही. २०१०मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, चारचा अठ्ठेचाळीस झाला, गोव्याच्या सतराचा सहासष्ट. पाटी म्हणते ४८, फोनवरचा काका म्हणतो, ‘एनएच फोर धर आणि सरळ ये.’

पाट्यांचे नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. १९३४मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ६७’ ही संहिता याचसाठी आहे आणि तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या आहेत. मात्र किनीरपुढे नव्हता असा एक प्रश्न इथे आहे. महाराष्ट्रातल्या पाटीवर प्रत्येक नाव दोनदा येतं, मराठीत आणि इंग्रजीत. चार गावं म्हणजे आठ ओळी, आणि वाचायला सेकंद मात्र तेवढेच. देवनागरीची गोष्टही वेगळी. शिरोरेघेमुळे शब्दाचा माथा सपाट होतो. लांबून शब्द ओळखू येतो तो वरच्या मात्रा-वेलांट्यांवरून आणि खालच्या उकारांवरून. जागा वाचवायला अक्षर आडवं चेपलं की आधी पोटातली पोकळी बुजते. किनीरने रोमन अक्षरांसाठी जे मोजमाप केलं ते देवनागरीसाठी धावपट्टीवर खुर्च्या मांडूनच करावं लागेल. इंग्रजीची उंची पाहून मराठीची ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा.

चांदणी चौकापुरतं बोलायचं तर दोन शब्द पुरे आहेत: ‘वाकड’ आणि ‘वारजे’. एक उत्तरेला, मुंबईच्या अंगाला. दुसरं दक्षिणेला, साताऱ्याच्या अंगाला. दोन्हींची सुरुवात ‘वा’ने, लांबीही जवळजवळ सारखी. पावसाळी संध्याकाळी वायपरच्या दोन फेऱ्यांमधून पाहिलं तर उरतो तो ‘जे’वरच्या एका मात्रेचा फरक. ती मात्रा ज्याला उशिरा दिसते तो साताऱ्याच्या रस्त्याला लागलेला असतो, आणि मग पुढच्या पुलाखालून यू-टर्न मारून परत येताना तोच चौक त्याला उलट्या बाजूने, नव्याने वाचावा लागतो.