मदतकार्य आणि धर्मश्रद्धा

मदतीला धर्माची अट जोडावी का, हा जुना वाद. रेडक्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत धर्मप्रसारासाठी मदत वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. महाराष्ट्रात हा वाद पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात (स्थापना १८८९) पेटला : रमाबाई आपल्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवत, मुली आत येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये समाजसुधारक रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मात्र त्या विधवांसाठी इतर किती दारे उघडी होती, हेही विचारायला हवे. पनवेल तालुक्यात तारा गावचे युसुफ मेहेरअली सेंटर मात्र धर्माशी न जोडलेल्या, वेगळ्या वाटेचे. डॉ. जी. जी. परीख व समाजवादी सहकाऱ्यांच्या या संस्थेत (१९६१) दवाखाना, तेलघाणी, साबणनिर्मिती चालते. २००१ च्या भूकंपानंतर तिने कच्छमध्येही काम केले.