न्यूयॉर्कचे पाणी आणि कॅटस्किलची गावे

न्यूयॉर्क शहराला दररोज लागणाऱ्या सुमारे ३८० कोटी लिटर पाण्यापैकी जवळपास ९० टक्के पाणी कॅटस्किलच्या डोंगररांगांतून आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून येते. क्लोरीन व अतिनील किरणांनी त्याचे निर्जंतुकीकरण होते. मात्र ते गाळण्याची गरज पडत नाही. एवढ्या मोठ्या शहराला हे साधले, ते मुख्यतः जलाशयांभोवतीच्या गावांशी १९९७ मध्ये झालेल्या करारामुळे.

शहर आणि या गावांचे संबंध पूर्वीपासून कटुतेचे होते. १९०५ च्या राज्य कायद्याने शहराला डोंगरी भागातील जमिनी सक्तीने संपादित करण्याची मुभा मिळाली. ॲशोकान जलाशयासाठी वस्त्या उठल्या. दफनभूमीतील अवशेषही अन्यत्र हलवावे लागले. १९६० च्या दशकात कॅननस्व्हिल जलाशय पूर्ण होईपर्यंत विस्थापनाचा हा क्रम चालू होता. पाणी शहराचे आणि झळ आपली, ही भावना तेथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नद्या व जलाशयांतील पाणी पुरवठ्यापूर्वी गाळणे बंधनकारक केले. स्रोत पुरेसा सुरक्षित असल्याचे दाखवून देणाऱ्यांना त्यातून सूट होती. गाळणी केंद्राचा अंदाजित खर्च ६ ते ८ अब्ज डॉलर होता, चालवण्याचा खर्च वेगळा. साहजिकच शहराने सूट मागितली आणि पाणलोट क्षेत्रातील शेती, सांडपाणी व बांधकामांवर कठोर निर्बंध प्रस्तावित केले. त्याविरुद्ध १९९१ मध्ये गावांनी आघाडी उभारली. अखेर गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांच्या मध्यस्थीने वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था व पर्यावरण संघटनांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या.

नवे निर्बंध गावांनी मान्य केले, परंतु त्याची किंमत शहराने मोजायची, असे ठरले. जमीन केवळ स्वेच्छेने विकणाऱ्याकडून आणि बाजारभावाने घ्यायची. सक्तीचे संपादन नाही. घेतलेल्या जमिनीवरील मालमत्ता कर शहराने स्थानिक संस्थांना भरायचा, ही अट गावांच्या तिजोरीच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. गावांतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची सुधारणा आणि घरोघरच्या सेप्टिक टाक्यांची दुरुस्तीही शहराच्या पैशातून होऊ लागली. यांपैकी अनेक योजना राबवणाऱ्या ‘कॅटस्किल वॉटरशेड कॉर्पोरेशन’च्या संचालक मंडळात पाणलोट क्षेत्रातील प्रतिनिधींचे बहुमत आहे. निधी शहराचा आणि निर्णयात वजन गावांचे, ही रचना अशा करारांमध्ये क्वचितच आढळते.

शहराला जवळच्या क्रोटन जलाशयांबाबत मात्र हा मार्ग अवलंबता आला नाही. उपनगरे वाढलेल्या त्या भागातील पाण्यासाठी ३ अब्ज डॉलरहून अधिक खर्चून उभारलेले गाळणी केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले.

कॅटस्किल-डेलावेअरच्या पाण्याला मिळालेली सूट कायमची नाही. ती ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावी लागते. २०१७ मध्ये ती १० वर्षांसाठी मिळाली. दरम्यान, शहराच्या जमीन खरेदीवरून जुना वाद नव्या रूपात पुढे आला आहे. डोंगरउतार सोडले तर घरे व व्यवसायांसाठी सपाट जागा आधीच अपुरी असून खरेदीमुळे ती आणखी आकसते, अशी गावांची तक्रार आहे. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही मोठ्या भूखंडांच्या खरेदीवरील भर कमी करून ओढ्या-नद्यांच्या काठांच्या संरक्षणाकडे अधिक लक्ष देण्याची शिफारस केली.