खेड्ड्यापासून रुळांपर्यंत

बंगळूरला पोस्टिंग आल्यावर आईच्या पहिल्याच फोनवर बातमी होती ती हत्तींची: रात्रीत केळी आडवी, माडाची रोपंही गेली. आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हापासून शेतकऱ्यांच्या नशिबी रात्रपाळी.

इथे त्याचा जुना इतिहास सापडला. म्हैसूर संस्थानात जी. पी. सँडरसनने १८७०च्या दशकात खेड्डा सुरू केला: कळप हाकून कुंपणात कोंडायचा. काकनकोटेचा शेवटचा खेड्डा १९७१चा. पुढे त्या रानाचा काही भाग कबिनी धरणाच्या पाण्याखाली गेला. १९८०च्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रामन सुकुमार यांनी दाखवलं, की पिकांत जास्त शिरतात ते मोठे नर. माद्या-पिल्लांचे कळप कमी.

आज बन्नेरघट्टाच्या कडेला चर आहेत, जुन्या रुळांची कुंपणंही आहेत. पण पावसात चराची कड ढासळते आणि हत्ती तिथूनच उतरतात. फौजेत पहिल्याच वर्षी शिकवतात: ज्यावर नजर नाही, तो अडथळाच नाही.

आईला एवढंच सांगितलं, "हत्ती दिसला की आधी शेजारच्या वाडीला फोन कर. अंधारात एकटी बागेत जाऊ नकोस. केळी पुन्हा लावू."