पांच शिलिंगांचा फांस

श्रोतेहो, भर बाजारपेठेंत दुकान मांडून बसणाऱ्या व्यापाऱ्याला दोन शत्रु असतात. एक, उघड दांडगाई करून गिऱ्हाइकांना पळवून लावणारा. आणि दुसरा, गिऱ्हाइकाच्याच वेषांत येऊन हातोहात माल लांबविणारा. त्यांचा उपद्रव वाढला म्हणजे “कडक शिक्षा करा” अशी ओरड उठते. ही ओरड नवी नाहीं. लंडन शहरांत ती तीनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं उठली होती, आणि तेथील राज्यकर्त्यांनीं ती अक्षरशः मान्य केली होती. त्या प्रयोगाचें पुढें काय झालें, तें आज सांगावयाचें आहे. त्या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, हेंही ओघानें दिसेल.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पेठा भरभराटीला आल्या होत्या. हिंदुस्थानांतून गेलेली मलमल, रेशीम, लेस, फिती असा थोड्या जागेंत मावणारा आणि भारी किंमतीचा माल दुकानांतून मांडलेला असे. चोरीची एक रीत ठरलेलीच होती. दोघीजणी जोडीनें दुकानांत शिरत. एक तागेमागून तागे उलगडावयास लावून दुकानदाराला बोलण्यांत गुंतवी, आणि तेवढ्यांत दुसरी एखादा तागा घोळदार झग्याखालीं दडवी. इ. स. १६९९ मध्यें कायदा झाला कीं, दुकानांतून पांच शिलिंग किंवा अधिक किंमतीचा माल जो नकळत चोरील, त्यास देहान्त शासन व्हावें. अशा चोराला पकडून गुन्हा शाबीत करणाऱ्यास एक दाखला मिळे, आणि त्या दाखल्यामुळें गांवकीचीं सक्तीचीं बिनपगारी कामें चुकत. लोकांनीं त्याला ‘टायबर्नचें तिकीट’ असें नांव ठेविलें. कारण टायबर्न ही फांशी देण्याची जागा होती. हें तिकीट विकतांही येत असे.

या कायद्याचें खरें स्वरूप एका प्रकरणानें स्पष्ट होतें. इ. स. १७७१ मध्यें मेरी जोन्स नांवाच्या तरुण स्त्रीला लडगेट हिलवरील एका कापडदुकानांतील चोरीबद्दल फांशी देण्यांत आलें. सहा वर्षांनीं सर विल्यम मेरेडिथ यांनीं तिची हकीकत पार्लमेंटांत सांगितली. तिच्या नवऱ्याला आरमाराच्या नोकरीसाठीं सक्तीनें धरून नेलें होतें, पदरीं दोन लहान मुलें होतीं, आणि फांशीच्या जागीं नेतांना तान्हें मूल तिच्या अंगावर पीत होतें.

अशा हकीकती ऐकणाऱ्या समाजांतूनच ज्यूरीचीं माणसें निवडलीं जात. त्यांना चोर मोकळा सोडावयाचा नसे, पण त्याचा जीवही घ्यावयाचा नसे. मग तीं मालाची किंमतच उतरवीत. कित्येक पौंडांचा माल चार शिलिंग दहा पेन्सांचा आहे, असें शपथेवर ठरवीत. ब्लॅकस्टन या थोर कायदेपंडितानें या प्रकाराला पुण्यशील असत्य अशा अर्थाचें नांव दिलें. कायद्यांतील ‘नकळत’ हा शब्दही उपयोगी पडे. दुकानांतील नोकरानें चोराला पाहिलें होतें असें ठरलें, कीं चोरी नकळत झाली नाहीं आणि फांशी टळली! शिवाय फिर्याद चालविण्याचा त्रास फिर्यादीवरच पडे. त्यांत एका तुकड्यासाठीं माणसाचा बळी घेतल्याचें पाप कोण पत्करणार? पुष्कळ दुकानदार गप्पच बसत. कायदा जितका भयंकर, तितका चोर निर्धास्त, अशी उलटी स्थिति झाली.

हें वर्म सर सॅम्युएल रोमिली यांनीं ओळखलें. गुन्हेगाराला शिक्षेच्या कठोरपणापेक्षां तिच्या निश्चितपणाचें भय अधिक वाटतें, हा त्यांचा सिद्धान्त. इ. स. १८१० मध्यें दुकानांतील चोरीची फांशी रद्द करणारें त्यांचें बिल कॉमन्स सभेंत मंजूर झालें, पण लॉर्डांच्या सभेंत ११ विरुद्ध ३१ मतांनीं पडलें. विरोधकांत न्यायाधीश एलेनबरो तर होतेच. परंतु कँटरबरीच्या आर्चबिशपांसह सात धर्माधिकारीही होते! याच्या उलट, पुढच्याच वर्षीं कापड धुण्याच्या मैदानांचे मालक स्वतः पार्लमेंटपुढें अर्ज घेऊन आले. फांशीमुळें आमचे चोर शिक्षेविना सुटतात, म्हणून ती काढा, अशी त्यांची मागणी होती. ज्यांचा माल जात होता, त्यांनाच सौम्य कायदा हवा होता. आणि तेवढ्यापुरती ती मागणी मान्यही झाली.

रोमिली इ. स. १८१८ मध्यें वारले, आणि तें काम सर जेम्स मॅकिंतॉश यांनीं हातीं घेतलें. हेच मॅकिंतॉश इ. स. १८०४ पासून १८११ पर्यंत मुंबईस रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, होते. आजच्या एशियाटिक सोसायटीचें मूळ असलेली मुंबईची लिटररी सोसायटी त्यांनींच स्थापिली. मुंबई सोडतांना त्यांनीं न्यायालयांत एक हिशेब मांडला. इ. स. १७५६ ते १७६३ या सात वर्षांत येथें १४१ जणांवर देहान्ताचे गुन्हे शाबीत झाले, व ४७ फांशी गेले. मॅकिंतॉश यांच्या सात वर्षांत दोन लाखांच्या वस्तींत एकही फांशी झाली नाहीं, आणि तरीही गुन्हे वाढले नाहींत. मुंबईचा हा अनुभव पाठीशीं असलेल्या या गृहस्थांनींच इ. स. १८१९ मध्यें पार्लमेंटची चौकशी समिति नेमविली. पुढच्या वर्षीं पांच शिलिंगांची मर्यादा पंधरा पौंडांवर गेली, आणि थोड्याच वर्षांत हा फांस कायमचा सुटला.

मग पेठांचें रक्षण कोणीं करावयाचें? त्याचें उत्तर इ. स. १८२९ मध्यें रॉबर्ट पील यांनीं दिलें. ठरलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस फिरणारे, गणवेषधारी, पगारी पोलीस त्यांनीं उभे केले. गुन्हा घडूं न देणें हेंच त्यांचें पहिलें कर्तव्य ठरविलें होतें. दांडगाई करणाऱ्यालाही आणि हातचलाखी करणाऱ्यालाही कोपऱ्यावर उभा असलेला शिपाई दूरच्या वधस्तंभापेक्षां जवळचा वाटतो. पोलीस आले म्हणून चोरी संपली, असें कोणी म्हणणार नाहीं. पण दुकानदार निःशंकपणें फिर्याद करूं लागतो, पंच खरी किंमत सांगूं शकतात, आणि लहान कां होईना, शिक्षा खरोखर होते, तेव्हांच बाजारांत कायद्याचा वचक राहतो. कडक शिक्षेची ओरड कानीं येईल तेव्हां, श्रोतेहो, ती शिक्षा प्रत्यक्ष देण्यास आपला हात धजेल काय, एवढें आपण आधीं स्वतःस विचारावें.