स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेची कुळकथा

स्तनाच्या कर्करोगात आज कितीतरी जणींची फक्त गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढतात, मग रेडिएशन देतात. स्तन जागेवर राहतो. हे साधं वाटणारं ऑपरेशन रूढ होण्याआधी सर्जनमंडळींत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला होता, आणि तो निकाली काढण्याचं मोठं श्रेय मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांचं आहे.

वादाच्या एका टोकाला होते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले विल्यम हॉलस्टेड. १८९४ साली त्यांनी आपल्या ५० रुग्णांचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. रोग स्तनातून शेजारी, तिथून काखेत असा क्रमाने सरकतो अशी त्यांची धारणा होती, म्हणून जितकं रुंद कापावं तितकं बरं. हॉलस्टेडना आज खलनायक ठरवणं अन्यायाचं आहे. त्यांच्याकडे बायका खूप वाढलेला रोग घेऊन येत, आणि त्यांच्या हातून झालेल्या ऑपरेशननंतर छातीवर रोग पुन्हा उगवण्याचं प्रमाण खरोखरच घटलं. चूक पुढच्यांची. गाठी लहान असताना सापडू लागल्या, तरी ऑपरेशन तेच राहिलं. बरगड्यांवर ताणलेली कातडी आणि सुजून जड झालेला हात घेऊन बायका उरलेलं आयुष्य काढत राहिल्या.

दुसरी वाट लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स यांनी शोधली. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे हे धाकटे भाऊ. १९२० च्या दशकात त्यांनी रेडियमच्या सुया स्तनात ठेवून, कमीत कमी कापून इलाज सुरू केला आणि १९३७ मध्ये निष्कर्ष छापले. ते चांगले होते. पण कोणत्या रुग्णाला कोणता इलाज, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. त्यामुळे ज्यांना पटवून घ्यायचं नव्हतं त्यांना पळवाट मिळाली. मग महायुद्ध आलं आणि ते काम मागे पडलं.

वेरोनेसींचा जन्म १९२५ चा. तरुणपणी, युद्धाच्या काळात, सुरुंगाच्या स्फोटात ते जबर जखमी झाले होते. पुढे मिलानच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत सर्जन झाले. १९६९ मध्ये जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्यांनी प्रस्ताव मांडला: हॉलस्टेडचं ऑपरेशन आणि स्तनाचा फक्त पाव भाग काढून रेडिएशन देणं, या दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना करू. माझ्या मते त्यांचं खरं धैर्य इथे आहे. स्तनाचा पाव भाग काढण्याचं कसब इतरांनाही जमलं असतं. पण आपला अंदाज चुकला तर बायकांचे जीव जाणार हे ठाऊक असताना, तो अंदाज चिठ्ठीवर सोपवायचा आणि उत्तरासाठी वर्षानुवर्षं थांबायचं, हे फार थोड्यांना जमतं. त्यांच्याइतकंच ते त्या चाचणीतल्या बायकांचंही धैर्य होतं.

१९७३ ते १९८० या काळात ७०१ जणी चाचणीत आल्या. गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही, काखेत हाताला काही लागत नाही, अशाच घेतल्या. निम्म्या जणींवर हॉलस्टेडचं ऑपरेशन. निम्म्या जणींच्या स्तनाचा पाव भाग आणि काखेतल्या ग्रंथी काढून रेडिएशन. १९८१ मध्ये पहिले निष्कर्ष आले, २००२ मध्ये वीस वर्षांचे. दोन्ही गटांतलं मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखं होतं. राखलेल्या स्तनात रोग परत उगवला तो ३० जणींच्या. हॉलस्टेडच्या गटात त्याच बाजूला परतला तो ८ जणींच्या. हा फरक लपवायचा नाही, पण त्यामुळे आयुष्य कमी झालं नाही.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं, आणि एक मोलाची भर घातली: नुसती गाठ काढून रेडिएशन टाळलं, तर वीस वर्षांत साधारण ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग परततो, रेडिएशन दिलं तर १४ टक्के.

वेरोनेसी २०१६ मध्ये गेले. त्याआधी त्यांनी मिलानमध्ये युरोपीय कर्करोग संस्था उभी केली, इटलीचे आरोग्यमंत्रीही झाले, आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढण्याची सक्तीही कमी करून दाखवली.

प्रत्येकीचा स्तन राखता येतोच असं नाही. गाठ फार मोठी असली, एकाच स्तनात दूर दूर गाठी असल्या, किंवा रेडिएशन देणं शक्य नसलं, तर पूर्ण स्तन काढावा लागतो. कधी आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करता येते. म्हणून गाठ हाताला लागली तर संकोचापायी घरात दडवू नका, आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: माझा स्तन राखता येईल का, आणि नसेल तर का नाही?