जात्याचा खुंटा

आमच्या घरात कुणा बाईला ताप आला की आजी सगळ्यात आधी जात्याचा खुंटा उपसायची. दोन्ही हातांनी हलवून ढिला करायची, वर ओढायची, पदरानं पुसायची आणि कणगीच्या मागं नेऊन ठेवायची. ताप उतरल्यावरही आठ दिवस तो परत बसत नसे. तेवढ्या दिवसांचं पीठ शेजारून यायचं, नाहीतर घरात नुसत्या कण्या शिजायच्या. पुढे गावात गिरणी आली, जात्यावर फक्त डाळी आणि भरडा राहिला, तरी आजीचा नेम चुकला नाही. खुंटा काढला की ताप उतरतो, असा काहीतरी तोडगा असावा, असं मला लहानपणी वाटायचं.

तो तोडगा नव्हता. ती एका मरणाची आठवण होती.

आमचं गाव माणदेशातलं, साताऱ्याच्या पूर्वेचं. पाऊस मोजून पडणारं. आजी आठ वर्षांची असताना तिथे मानमोडी आली. पुस्तकात ज्याला १९१८चा इन्फ्लुएंझा म्हणतात, त्याला आमच्याकडची म्हातारी माणसं मानमोडीच म्हणायची. आजी स्वतःची मान एका बाजूला टाकून दाखवायची. "अशी. उभीच ऱ्हायची न्हाई बघ. चालता माणूस बांधावर बसायचा, ते बसायचाच."

तिचा चुलता मुंबईला कापडाच्या गिरणीत होता. नवरात्रात तो घरी आला तो अंगात कसर घेऊनच. चार दिवसांत घरातली अकरा माणसं आडवी झाली. पायावर उभी राहिली ती आठ वर्षांची आजी एकटी. आडावरून कळशी झेपत नव्हती म्हणून ती तांब्यातांब्यानं पाणी आणायची आणि ओळीनं सगळ्यांच्या तोंडात घोट घोट घालायची. चौथ्या दिवशी तिच्या आईचा ताप उतरला. घरात चिमूटभर पीठ नव्हतं. आई म्हणाली, आता बरं वाटतंय, आणि अधोलीभर बाजरी घेऊन जात्याला बसली. आजीनं समोरून हात लावला. दोघींचं मिळून निम्मंसुद्धा दळून झालं नाही. संध्याकाळी आईच्या छातीत कळ आली, मग खोकला, मग ओठ जांभळे पडले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"माझी आय तापानं न्हाई गेली," आजी दर वेळी म्हणायची. "दळाय बसली म्हनून गेली."

फार वर्षांनी मी त्या साथीबद्दल वाचायला लागले तेव्हा आजीच्या गोष्टीतला एकेक तुकडा जागेवर बसत गेला. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. महायुद्धावरून सैनिकांना आणणारी जहाजं त्याच गोदीला लागत होती. पहिली लाट उन्हाळ्याअखेरची, त्यामानानं सौम्य. दुसरी सप्टेंबरात उसळली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. ते नवरात्राचेच दिवस होते. गिरणगावातली साताऱ्याकडची माणसं गाडी धरून गावी निघाली आणि त्यांच्याबरोबर साथही रुळांवरून, मग बैलगाडीतून घाटावर आली. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान, असा पुढच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. १९२१च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. असं त्यानंतर कोणत्याही दशकात झालेलं नाही.

या आकड्यांपाशी मी थांबत नाही, कारण आजीचा प्रश्न वेगळा होता. ताप उतरलेलं माणूस का गेलं?

याचं उत्तर आता पुष्कळसं ठाऊक आहे. मेलेल्या सैनिकांच्या फुफ्फुसांचे नमुने अमेरिकेत जपून ठेवले होते. २००८ साली संशोधकांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांत विषाणूच्या पाठोपाठ शिरलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया दिसला. विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलून काढतो. एरवी घशात-नाकात निमूटपणे राहणारे जिवाणू त्या उघड्या जागेतून खाली उतरतात. म्हणजे ताप ओसरला, अंगाला हलकं वाटलं, तरी आतली जखम ओलीच असते. पेनिसिलीनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती. पडून राहिली असती तर पणजी वाचली असतीच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या घरात तिला पडून राहण्याची सोय नव्हती, हे मात्र खरं.

आणि पोटात तरी काय होतं? त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. खरीप करपलं. युद्धामुळे धान्य आधीच महागलेलं. त्यात माणसं अंथरुणाला खिळली, मग रब्बीची पेरणी करायची कुणी? ताप एक अंश सेल्सिअसनं चढला तर शरीराचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. विषाणूला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ती प्रतिपिंडं प्रथिनांचीच बनतात. रिकाम्या कणगीच्या घरात तो खर्च निघणार कुठून? आज ज्याला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो, ती साथीच्या आठवड्यात बाजारातून आणता येत नाही, हे मला आकडेवारीच्या आधी आजीच्या त्या कणगीनं शिकवलं.

मुंबईच्या त्या वेळच्या नोंदींत एक गोष्ट आहे, ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. युरोपियनांमध्ये हजारी आठ-नऊ माणसं गेली, तर ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हणत, त्यांच्यात हजारी एकसष्ट. विषाणू तोच, शहर तेच. फरक खोलीला खिडकी असण्यानसण्याचा, एका खोलीत किती माणसं निजतात याचा आणि पोटातल्या अन्नाचा. देशभर पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. सगळ्यांची उष्टी-खरकटी काढणारी, सगळ्यांच्या उशाशी बसणारी, सगळ्यांत शेवटी जेवणारी आणि सगळ्यांत आधी उठणारी बाईच होती.

आजी शिकलेली नव्हती, पण साथ ओळखायची. कुणाच्या घरी गोवर निघाला की त्या घराच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. तो दिसला की गावातलं पोर त्या अंगणात पाय टाकत नसे. घरात फोडणी नाही, तळण नाही, पाहुणारावळा नाही. शेजारीण भाकरी आणि पातळ वरण उंबऱ्याबाहेर ठेवायची, हाक मारायची आणि मागं सरायची. लोक त्याला देवीचं सोवळं म्हणायचे. मला आज त्यात विलगीकरण दिसतं, तेही माणसाला वाळीत न टाकता केलेलं. डहाळ्यातला पाला औषध होता की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. दारावरची ती खूण आणि उंबऱ्यावरची ती भाकरी, या दोहोंनी पोरं वाचली.

सगळंच काही चांगलं नव्हतं. गोवराच्या पोराला आंघोळ नाही, पोटभर खायला नाही, या समजुतीपायी मुलं वाळून जायची. गोवर उतरल्यावर पुढचे कितीतरी महिने ती जुलाबानं, खोकल्यानं पुन्हा पुन्हा पडायची. गोवराचा विषाणू शरीरानं आधी मिळवलेली इतर रोगांची ओळखही पुसून टाकतो, हे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणून गोवराच्या मुलाला अ जीवनसत्त्व द्यायचं, भरपूर खाऊ घालायचं, आणि मुळात लस चुकवायची नाही. करोनाच्या काळात लसीकरण मागे पडलं आणि २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवरानं मुलं दगावली. ती बातमी वाचताना मला आमच्या गल्लीतले लिंबाचे डहाळे आठवत होते.

लशीच्या बाबतीत आजी गावाच्या पुढे होती. देवीची लस टोचायला देवी डॉक्टर आला की बायका पोरांना कणगीत, गवताच्या गंजीत लपवायच्या. शितळेला राग येईल, ही भीती. आजी श्रावणातल्या शितळा सप्तमीला चूल न पेटवता शिळं खाणारी, पण देवी डॉक्टर आला की आम्हाला ओळीनं उभं करायची आणि दंड स्वतः घट्ट धरायची. त्याच्याकडे दांडीला लावलेली एक बारीक काट्यांची चकती असायची. ती कातडीवर टेकवून तो गरकन फिरवायचा. माझ्या दंडावर तो वण अजून आहे, आतून जरा खळगा पडलेला, पावलीएवढा. आजीला ठाऊक नव्हतं, पण हिंदुस्थानातली देवीची पहिली लस मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली होती. तिच्यापासून माझ्या दंडापर्यंत दीडशेहून अधिक वर्षांची वाट आहे. १९७५च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. माझ्या मुलीच्या दंडावर देवीचा वण नाही, कारण तिला गरजच उरली नाही.

आजी आजाऱ्याला काय द्यायची? काढा द्यायचीच. गवती चहा, आलं, तुळस, दोन मिरी. घसा शेकला जातो, पोटात पाणी जातं, जिवाला बरं वाटतं. यापलीकडे काढ्याकडून तिची अपेक्षा नव्हती. तिचा भरवसा माडग्यावर. हुलगे निवडून कढईत खमंग भाजायचे, दळायचे, ते पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवायचं आणि उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं. लसूण ठेचून, जिरं, मीठ. पळी उलटी केली तर पाठीवर पातळ थर राहावा, इतपत दाट. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. ज्याला चावायची ताकद नाही, त्याच्या पोटात ती वाटीनं उतरवायची ही रीत होती. आणि खोलीचं कवाड उघडं. थंडी वाजते म्हटलं तर अंगावर आणखी एक वाकळ, पण कवाड उघडंच.

२०२०च्या सप्टेंबरात पुण्यात मला करोना झाला. तोवर घराघरांत दिवसातून चार-चार वेळा काढे उकळत होते, लोकांची तोंडं आली होती, पोटात आग पडत होती. गुळवेलीचा मारा करून यकृताला इजा झालेले रुग्ण पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. मला त्या माणसांचा राग येत नाही. भ्यालेला माणूस हाताला लागेल ते धरतो. पण अर्धी रात्र मोबाइलवर आकडे बघत जागायचं आणि सकाळी प्रतिकारशक्तीची गोळी घ्यायची, हे बघून जीव तुटायचा. झोप ही त्या काळात सगळ्यांत स्वस्त गोष्ट होती आणि तीच आम्ही सगळ्यांनी घालवली होती.

मी मागच्या खोलीत, खिडकी सताड उघडी टाकून. आई अठ्ठ्याहत्तरची, पुढच्या खोलीत, तोंडाला मास्क. नवरा ताट दाराशी ठेवून हाक मारायचा आणि मागं सरायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावून दिवसातून तीनदा आकडा वहीत लिहायचा, ९४च्या खाली आला की लगेच कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहाव्या दिवशी ताप गेला. चौदाव्या दिवशी मी खोलीबाहेर आले. अंगात काही नव्हतं, पण बरं वाटत होतं. ओटा दोन आठवड्यांचा मेणचटलेला, सिंकमध्ये भांडी. म्हटलं, निदान पोळ्या तरी टाकाव्यात. कणीक मळली. तेवढ्यानं धाप लागली. तवा ठेवला आणि लायटर शोधायला लागले. खणात नाही, फ्रिजवर नाही, काडेपेटीसुद्धा नाही.

"आई, लायटर बघितलास का गं?"

पुढच्या खोलीतून काही आवाज आला नाही. मी दारात जाऊन उभी राहिले. आई खुर्चीत बसली होती, पदराचं टोक मुठीत गच्च धरून. त्या टोकाला गाठ होती आणि गाठीतून लायटरची लाल दांडी बाहेर आली होती.

"आठ दिवस न्हाई मिळायचा," ती म्हणाली. माहेरच्या बोलीत ती फार वर्षांनी बोलत होती. "जा. पड जा."